आधी बोअरचं पाणी, मग पीएच.डी.

भाचीचं एम.टेक. संपत आलंय. परवा फोनवर म्हणाली, "मामा, पाणी शुद्धीकरणात पीएच.डी. करायचीय. काय बघू?" तीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या मामाला असं विचारायचं नसतं. तिला सांगितलं ते इथे उतरवून ठेवतो.

विषय पाण्यावरून ठरव, पदार्थावरून नको. आधी बायोचार नाहीतर ग्राफीन धरायचं आणि मग ते कुठल्या पाण्याला लावू म्हणून फिरायचं, म्हणजे औषधाची बाटली घेऊन रोगी शोधणं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. आपल्या मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्यापुढचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दात डागाळतात, मग हाडं आखडतात.

डिस्टिल्ड पाण्यावर भुलू नकोस. मी त्यात सोडियम फ्लोराइड घालून, फ्लोराइड शोषणाऱ्या अॅल्युमिनावर प्रयोग करायचो. आलेख झकास यायचे. मग एका गावच्या हातपंपाचं पाणी कॅन भरून आणलं आणि आलेख बसला. त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, पीएच आठच्या आसपास. अॅल्युमिनाला मानवतो साडेपाच-सहा. सगळं नव्याने करावं लागलं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात खरं पाणी आण, तेही प्लॅस्टिकच्या बाटलीत. फ्लोराइडला काच चालत नाही.

गाळाचा हिशेब ठेव. नागपूरच्या नीरीने काढलेली नालगोंडा पद्धत बघ: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा. बादलीतसुद्धा जमते. पण तुरटी बरीच लागते आणि फ्लोराइड गाळात जाऊन बसतं. तो गाळ टाकायचा कुठे? तुझ्या पद्धतीलाही हाच प्रश्न विचारतील. त्याचं उत्तर प्रबंधात असू दे.

गाईडचं नाव मोठं आहे का, हे नंतर. आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ. किती वर्षं लागली? उपकरण चालू असतं की 'दुरुस्तीला गेलंय'? नमुने तपासायला रांग किती? चहा पिताना विचार, माणसं खरं बोलतात.

पैशाची सोय आधी लाव. गेट दे, नेटही दे. जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत. आयआयटीच्या जाहिराती बहुधा वर्षातून दोनदा निघतात. नीरीसारख्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत बसून एसीएसआयआरची पदवी घेता येते. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरीच असते. तिथल्या प्राध्यापकांना लिहिताना त्यांचे दोन शोधनिबंध वाचून नेमका एक प्रश्न विचार. 'रिस्पेक्टेड सर' म्हणून शंभर जणांना धाडलेली एकच मेल कुणी उघडत नाही.

आणि अर्जाआधी एक काम कर. या रविवारी गावी जाशील तेव्हा आपल्या बोअरचं पाणी भरून आण. फ्लोराइड बघ, नायट्रेट बघ. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. आलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिही, तारखेसकट. मग मला फोन कर.