आधी विचारावं, मग हात लावावा
वर्षभराच्या सेवेसाठी परदेशी निघालेल्या भाचीला आत्याचा कानमंत्र

पोरी, इंग्लंडमधल्या मंडळीनं तुला वर्षभराच्या सेवेला बोलावलं. रविवारच्या उपासनेत तुझ्यासाठी प्रार्थना झाली, पेढेही वाटून झाले. आता जरा बस आणि कामाचं ऐक. वचनं पाळक साहेब सांगतील, ती त्यांच्याकडून घे. मी सांगते ते कागद, कपडे, पोट आणि माणसं यांच्याबद्दल.

सेवा घेणाऱ्यांकडून शीक

परमुलखात सेवेला गेलेल्यानं कसं वागावं हे आपल्या धाराशिवकरांना चांगलं कळायला हवं, कारण आपण सेवा घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेलो आहोत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती आणि किल्लारी-सास्तूरची जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचा जाड थर, अशी ती माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. जवळजवळ दहा हजार जीव गेले. मग देशातून, परदेशातून मदत आली. चर्चची मदतसंस्था ‘कासा’ आली, इतरही किती आल्या.

आलेल्यांत दोन तऱ्हा होत्या. काहींनी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला. न विचारता जुने कपडे वाटले. लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात कुणाचे तरी फ्रॉक आले. दुसरी माणसं आली ती म्हणाली, “आज काय करू?” कुणी सांगितलं पाणी भर, तर पाणी भरलं. कुणी सांगितलं नुसतं बस, तर बसले. आमच्या बायका आजही नाव काढतात ते या दुसऱ्यांचं.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसली. जमीन किती त्यावर घर ठरलं: २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. घरं पक्की झाली, आता भूकंपाची धास्ती कमी, हे उपकारच. पण बऱ्याच ठिकाणी आखणी कागदावर सरळ रेघा ओढून झाली. जनावर कुठं बांधायचं, चूल कुठं मांडायची, ढाळजेतली बैठक कुठं बसवायची, जुन्या गल्लीतले शेजारी शेजारीच राहतील का, हे पुरेसं विचारलं गेलं नाही. मग लोकांनी पत्रे ठोकून, आडोसे करून घर आपल्या सोयीचं करून घेतलं. देणाऱ्याचं मन चांगलं असूनही असं होतं, हे डोक्यात ठेवून विमानात चढ.

कागद आधी, बॅग नंतर

पहिलं काम नावाचं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरं, आधारवर तिसरं स्पेलिंग, हे आपल्या मंडळीत घरोघरी आहे. पासपोर्टवर जे नाव येईल तेच अक्षर न् अक्षर सगळीकडं चालव. वडिलांचं नाव मधल्या नावात जातं. ते एका फॉर्मवर लिहायचं आणि दुसऱ्यावर गाळायचं असं करू नको.

दुसरं गावाचं नाव. तुझ्या जन्मदाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे, नव्या कागदांवर धाराशिव. केंद्रानं शहराच्या नामांतराला फेब्रुवारी २०२३ मध्ये संमती दिली आणि जिल्हा-तालुक्यांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. परक्या देशातल्या कारकुनाला हे कुठून ठाऊक असणार? त्याला ही दोन निराळी गावं वाटतील. राजपत्राची प्रत काढून फाइलीत लाव. व्हिसाच्या फॉर्मवर जन्मस्थळ पासपोर्टवर आहे तसंच लिही.

पासपोर्ट ३६ पानांचा, फी १५०० रुपये, मुदत दहा वर्षांची. पोलीस चौकशीला कुणी आलं आणि घराला कुलूप असलं की प्रकरण रेंगाळतं, म्हणून त्या आठवड्यांत घरी कुणी ना कुणी असू दे. चारित्र्याचा पोलीस दाखलाही पासपोर्ट कार्यालयाकडूनच काढून ठेव. मुलांसोबत काम असलं की तिथली मंडळी तो मागतेच.

व्हिसाबाबत एकच बोलते: पर्यटक म्हणून जाऊन सेवा करायची नाही. कुणीही म्हणू दे, “सगळे तसंच करतात.” खोटं बोलून सुरू केलेली सेवा कुणाच्या उपयोगाची? ब्रिटनमध्ये बिनपगारी सेवेसाठी चॅरिटी वर्कर नावाचा व्हिसा आहे, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. बोलावणाऱ्या संस्थेकडं सरकारी परवाना लागतो आणि तिनं तुला प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक हातात आल्याशिवाय तिकीट काढू नको. खात्यात १२७० पौंड सलग २८ दिवस दाखवावे लागतात. संस्थेनं तुझ्या खर्चाची हमी त्या प्रमाणपत्रात लिहून दिली तर त्याची गरज नाही. ती हमी लिहून माग, मागायला लाजू नको. आरोग्यसेवेचा अधिभार वेगळा, सध्या वर्षाला १०३५ पौंड. तो कोण भरणार हेही आत्ताच ठरव.

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हणून क्षयरोगाची तपासणी लागते. ती कुठल्याही दवाखान्यात चालत नाही, त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते आणि दाखला सहा महिनेच चालतो. फार आधी केलीस तर पुन्हा करावी लागेल. व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो, म्हणून त्या खात्यात शिरायला लागणारी माहिती वहीत लिहून ठेव. तुझ्यामागून कुणी आफ्रिकेला निघालं तर सांग: पीतज्वराची लस सरकारनं ठरवलेल्या केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं.

घर मार्गी लावून जा

सिम कार्ड बंद पडू देऊ नको. बँक, आधार, सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रोमिंग सुरू करून घे आणि रिचार्ज कुणी करायचा ते आत्ताच ठरव. शेताची ई-पीक पाहणी दरवर्षी तूच करतेस ना? ती भावाला एकदा करायला लाव, नुसती दाखवू नको. बँकेचं आणि जमिनीचं काही अडणार असेल तर मुखत्यारपत्र करून ठेव.

आणि पैशाचं बोल. परदेशी गेली म्हणजे पैसे पाठवणार, हे नातेवाइकांच्या मनात पक्कं असतं. तुला राहायला जागा, जेवण आणि थोडा हातखर्च मिळणार, पगार नाही. त्या व्हिसावर बाहेर नोकरी करून कमवायचंही नाही. काकांना, मामांना तूच सांग. तू गप्प राहिलीस तर वर्षभर तुझ्या आईला उत्तरं देत बसावं लागेल.

बॅगेत काय, काय नाही

भूम-कुंथलगिरीचा खवा आणि पेढे इथंच खाऊन जा. आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडं सामानातून नेता येत नाहीत. विमानतळावर काढून टाकतात. कडक भाकरी ने, कारळाची चटणी ने, शेंगाचटणी ने. पण ही शेंगाचटणी सगळ्यांच्या ताटाजवळ ठेवू नको. तिकडं काही माणसांना, विशेषतः पोरांना, शेंगदाण्याचा कणही जिवावर बेततो. मंडळीसाठी काही रांधलंस तर त्यात काय काय आहे याची चिठ्ठी लावून ठेव.

जाड कोट सोलापुरात विकत घेऊ नको. आपल्या बालाघाटच्या थंडीवरून तिकडच्या थंडीचा अंदाज येत नाही. एकावर एक घालायचे पातळ कपडे ने. कोट तिथल्या सेकंडहँड धर्मादाय दुकानात स्वस्तात मिळतो, आणि त्या मंडळीतल्या एखाद्या बाईला विचारलंस तर ती हौसेनं सोबत येईल. ओळख तिथूनच सुरू होते. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. त्या दिवसांत मन उगाच खाली जातं. रोज दुपारी उजेड असताना अर्धा तास चालून ये.

भेट म्हणून सोलापुरी टॉवेल ने, हलका आणि वापरात येणारा. आणि ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक ने. अडचणीच्या रात्री इंग्रजी गाणं कामी येत नाही.

पहिले तीन महिने

मंडळी पाहून दचकू नको. आपल्याकडं नाताळाला बसायला जागा नसते. तिकडं पुष्कळ मंडळ्यांत रविवारी मोजकीच माणसं, त्यातही पांढऱ्या केसांची. पण त्यांचा हॉल आठवडाभर कामात असतो: गरजूंना शिधा, एकट्या म्हाताऱ्यांसाठी चहा, लहान मुलांचा वर्ग. पहिल्याच बैठकीत “आमच्याकडं असं करतात” म्हणून सुरुवात करू नको. कप विसळ, खुर्च्या मांड, नावं पाठ कर. भाषेतही तेच. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या मिशनरी गॉर्डन हॉल यांनाही आधी मराठी शिकावी लागली, मग लोक ऐकायला लागले. तुला इंग्रजी येतं, तरी त्यांचे उच्चार आणि गमती कानात बसायला वेळ जाईल. कळलं नाही तर मान डोलावू नको, पुन्हा विचार.

एक जपून ठेव. आपल्याकडं कुणी वाढायला आलं की पहिल्यांदा “नको, नको” म्हणतात, मग आग्रह होतो, मग घेतात. तिकडं “नको” म्हटलं की ताट उचलून नेतात. भूक असेल तर पहिल्याच वेळी “हो” म्हण. कामाचंही तसंच: जमत नसेल तर तोंडावर सांग. त्यात अपमान नाही.

मुलांबाबत त्यांचे नियम कडक आहेत आणि ते बरोबर आहेत. कुणाच्याही लेकराबरोबर बंद खोलीत एकटी राहू नको, गाल ओढू नको, मांडीवर घेऊ नको. फोटो तर पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढायचाच नाही. मायेनं केलं हे कारण तिथं चालत नाही.

तब्येत लपवू नको. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, थंडीत आणि परक्या अन्नात झिजल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानं गेल्या. त्यांच्या वेळी उपाय नव्हते, तुझ्या वेळी आहेत. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या सरकारी डॉक्टरकडं नाव नोंदव.

त्याच १८८३ सालात पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडं राहिल्या, तिथंच बाप्तिस्मा घेतला. तरी शाकाहार सोडला नाही आणि धर्ममताच्या प्रश्नांवर त्या भगिनींशी पत्रांतून ठामपणे वाद घातला. पुढं अमेरिका पाहून त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिलं. तूही मराठीत वही लिही. जे तिकडचं चांगलं ते लिही, जे खटकलं तेही लिही, आणि लगेच फोनवर टाकू नको.

घरी फोन आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच कर. रोज केलास तर तू मनानं इथंच राहशील आणि आईला रोजच्या बारीक कुरबुरीनं झोप लागणार नाही. तिसऱ्या महिन्याच्या आसपास घरची आठवण फार येते. तेव्हा तिथल्या एखाद्या म्हातारीकडं जा आणि तिची कहाणी ऐक.

बोलायला उभं केलं तर

साक्ष द्यायला सांगतील. पाच मिनिटं बोल, त्यापेक्षा जास्त नको. आणि आपल्या जिल्ह्याची गरिबी विकू नको. दुष्काळ आहे, टँकर येतात, हे खरं. ते विचारलं तर सांग. पण त्याच जिल्ह्यात तुझी आई पहाटे भाकरी थापून शेतावर जाते आणि संध्याकाळी महिला मंडळ चालवते, हेही तेवढंच खरं. गावातल्या कुणाचा फोटो दाखवायचा असेल तर इथं असतानाच त्यांना विचारून घे. भूकंपानंतर आमचे चेहरे कुठं कुठं छापले गेले ते आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तीन महिने झाले की तिथल्या पाळकांना आणि ज्यांच्यात काम करतेस त्यांना बसवून विचार: “मी केलेलं काय तुम्हाला नको होतं?” पहिल्यांदा ते शिष्टाचारानं म्हणतील, सगळं छान आहे. पुन्हा विचार. खरं उत्तर आलं की बाजू मांडत बसू नको. लिहून घे, आभार मान, आणि दुसऱ्या दिवसापासून तेवढं बदल.