सर्टिफिकेट तुमचे, पण खाते कोणाचे?

भोपाळच्या एम. पी. नगरात सरकारी टेंडरांवर चालणाऱ्या आयटी कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांतल्याच एकीत मी नेटवर्कचे काम बघते. इथे सर्टिफिकेट बिडला जोडण्यासाठी लागते. टेंडरच्या अटींत एक ओळ बहुधा ठरलेली असते: अमुक इतके प्रमाणित इंजिनिअर, आणि बिड भरण्याच्या तारखेला त्यांची सर्टिफिकेटे चालू हवीत. छापील कागदावर कोणी विसंबत नाही, पडताळणी क्रमांक टाकून पाहतात. मुदत संपलेली निघाली की तुमच्या अनुभवाला त्या रकान्यात किंमत उरत नाही.

माझे सिस्कोचे सीसीएनए हे नेटवर्किंगचे सर्टिफिकेट असेच हातचे गेले. आधीच्या नोकरीत ट्रेनिंग विभागाने आम्हा सगळ्यांची खाती स्वतःच उघडून दिली होती. मेल आयडी कंपनीचा, नाव हजेरीपटावर होते तसे. नोकरी सोडली त्या संध्याकाळी मेल बंद झाला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत जात राहिल्या. मला तारीख पाठ होती, अभ्यासही चालू होता. पण खात्यात शिरायचे तर पासवर्ड बदलण्याचा कोड त्याच मेलवर यायचा. जुन्या ऑफिसला विनंती केली, तर ‘पॉलिसीत बसत नाही’ एवढेच उत्तर आले. मग खाते नव्या मेलवर वळवण्यासाठी अर्ज केला. त्यासाठी ओळखपत्र लागणार होते, आणि तिथे नावाचे त्रांगडे निघाले. आपल्याकडे नाव तीन पदरी. हजेरीपटावर माझे नाव आणि माहेरचे आडनाव, आधारवर मधे वडिलांचे नाव, पासपोर्टवर मधे नवऱ्याचे आणि आडनावही सासरचे. या तिन्ही बायका एकच आहेत हे परदेशातल्या मदतकक्षाला पटवण्यासाठी हिंदीतल्या विवाह प्रमाणपत्राचे इंग्रजी भाषांतर करून पाठवावे लागले. तोवर मुदत उलटून गेली होती. ३०० डॉलर आणि वर कर भरून परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून आमच्याकडे नवा मुलगा आला की मी सांगते, परीक्षेचे खाते स्वतःच्या खासगी मेलवर उघड, फी कंपनी भरत असली तरी. ऑफिसचा मेल हवाच असेल तर दुसरा म्हणून जोड. आणि नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिही, अक्षर न् अक्षर. परीक्षा केंद्रावरचा माणूस ओळखपत्र आणि नोंदणी शेजारी ठेवून बघतो. तिथे ‘मॅडम, घर का नाम है’ म्हणून चालत नाही. लग्न ठरलेल्या मुलींना तर मी मुद्दाम बजावते, आडनाव बदलणार असाल तर कागदपत्रांबरोबर हे खातेही यादीत घ्या.

प्रत्येक कंपनीचे नियम निराळे आहेत, ते एकमेकांत मिसळू नयेत. सिस्कोचे सीसीएनए तीन वर्षे चालते. ते वाढवायला पुन्हा परीक्षा दिली तरी चालते, नाहीतर मान्य कोर्स करून ३० क्रेडिट जमवता येतात. त्याच्या वरच्या सीसीएनपीला ८० लागतात. वरच्या पातळीची परीक्षा पास झालात तर खालचे आपोआप पुढे सरकते. सिस्को अधूनमधून क्रेडिट देणारे कोर्स फुकटही काढते, त्यावर लक्ष ठेवावे. मायक्रोसॉफ्टची असोसिएट आणि एक्स्पर्ट सर्टिफिकेटे फक्त एक वर्षाची. मात्र ती घरबसल्या, पैसे न देता वाढवता येतात. मुदतीच्या सहा महिने आधी खिडकी उघडते, पुस्तक उघडून उत्तरे दिली तरी हरकत नसते आणि नापास झालात तर पुन्हा बसता येते. शिवाय वाढीव वर्ष जुन्या मुदतीपासून मोजतात, त्यामुळे लवकर उरकले तर एक दिवसही वाया जात नाही. तरीही माणसे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. एकदा तारीख गेली की ही फुकटची वाट बंद, मग पैसे भरून मूळ परीक्षा.

आयटी ऑडिटच्या सीसा (CISA) सर्टिफिकेटची तऱ्हा तिसरीच. तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण, त्यातही दरवर्षी किमान २० तास, आणि वार्षिक शुल्क वेगळे. इथे तास नुसते पोर्टलवर भरून भागत नाही. कधीही नमुना तपासणी लागते आणि पुरावा मागतात. आमचे एक ज्येष्ठ सहकारी प्रत्येक सेमिनारचे हजेरीपत्र त्याच रात्री स्कॅन करून ठेवतात. आम्ही त्यांना हसायचो. त्यांची तपासणी लागली तेव्हा सगळी कागदपत्रे त्यांनी चहा संपायच्या आत पाठवली.

तारीख वाचतानाही जपावे. परदेशी पोर्टलवर महिना आधी असू शकतो. ०४/११ म्हणजे आपल्या मनात दिवाळीच्या सुमाराचा ४ नोव्हेंबर, त्यांच्या लेखी मात्र ११ एप्रिल.

आता थोडे कडू बोलते. मुदत जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप यायला लागतात: डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, मिळतील, तुमच्या जागी दुसरा परीक्षा देईल, पास झाल्यावरच पैसे. असल्या धंद्यापासून चार हात लांब राहा. घोटाळा उघड झाला तर एकच परीक्षा रद्द होऊन प्रकरण मिटत नाही. आधीची सर्टिफिकेटेही काढून घेऊ शकतात आणि पुढे परीक्षेला बसण्यावर बंदी घालू शकतात. शिवाय इंटरव्ह्यूत समोरचा राउटर उघडून ‘हे चालवून दाखव’ म्हणाला, की डंप पाठ केलेल्याचा घसा कोरडा पडतो. हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे.

आणि प्रत्येक सर्टिफिकेट जगवलेच पाहिजे असेही नाही. मायक्रोसॉफ्टने एमसीएसई हा एके काळचा मानाचा तुरा ३१ जानेवारी २०२१ला निवृत्त करून टाकला. ज्यांनी वेळेत अ‍ॅझ्युअरची वाट धरली ते तरले. माझे मत विचाराल तर जे काम रोज करता त्याचे एक, आणि पुढे जिथे जायचे आहे त्याचे एक, एवढी दोन चालू ठेवा. बाकीची बायोडेटावर मिळवल्याच्या वर्षासह प्रामाणिकपणे लिहा.

गणेशोत्सवात पिपलानीच्या एका मुलाने विचारले, “काकू, आमच्या सीपीसीटीलाही हीच मुदतीची भानगड आहे का?” आहे. मध्य प्रदेशात डेटा एन्ट्रीसारख्या सरकारी पदांसाठी ही परीक्षा लागते. तिच्या स्कोअरकार्डाची मुदत आधी दोन वर्षे होती, मग चार झाली, आता सात आहे. रिन्यू करण्याची सोय नाही, मुदत संपली की पुन्हा परीक्षा, टायपिंगसकट. महाराष्ट्रातल्या मामेभावंडांच्या एमएस-सीआयटीला अशी मुदत नसते. त्यामुळे नागपूरचा मामा ‘एकदा पास झालास ना, मग काळजी कसली’ म्हणाला, तर त्याच्यावर जाऊ नका. हिंदी टायपिंगचा हात सुटला की पुन्हा बसायला महिने लागतात, म्हणून भरतीची जाहिरात येण्याची वाट न बघता मुदतीच्या आधीच्या वर्षी सराव सुरू करावा.

हे वाचून झाल्यावर आपल्या सर्टिफिकेटच्या खात्यात शिरा आणि प्रोफाइलमध्ये मेल आयडी कोणता आहे तेवढे पाहा. त्याच्या शेवटी कंपनीचे नाव दिसले, तर ते राजीनामा द्यायच्या आधी बदला.