बधिर बालक आणि त्याची स्वतःची ओळख

बधिर मुलांपैकी बहुसंख्य मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात. अमेरिकेत हे प्रमाण दहांत नऊहून अधिक आढळले आहे. मूल भाषा घरी शिकते हा सर्वसाधारण नियम. परंतु जी भाषा बधिर मुलाला डोळ्यांनी सहज ग्रहण करता येईल, ती त्याच्या घरात बहुधा कोणासच येत नसते. मोठेपणीचा बधिर माणूस कसा असतो, हेही त्याने पाहिलेले नसते. मोठे झाल्यावर आपल्यालाही ऐकू येऊ लागेल, अशी समजूत करून घेतलेली मुले बधिरांच्या शिक्षकांना भेटली आहेत. घरातील सर्व प्रौढ माणसे ऐकणारी, तेव्हा मुलाचे हे अनुमान तर्कास धरूनच म्हटले पाहिजे.

या संदर्भात मदन वसिष्ठ यांचे चरित्र बोधप्रद आहे. हिमाचलातील गगरेट येथे वाढलेल्या वसिष्ठांची श्रवणशक्ती वयाच्या अकराव्या वर्षी आजाराने गेली. भाषा अवगत झाली होती. नाहीसा झाला तो संवाद. पुढे तरुणपणी ते छायाचित्रण शिकण्यासाठी दिल्लीस बधिरांच्या एका संस्थेत आले आणि तेथे प्रथमच खुणांनी मनमोकळे बोलणाऱ्या बधिरांच्या समाजात मिसळले. १९६७ साली ते अमेरिकेतील गॅलोडेट महाविद्यालयात गेले. नंतर सहकाऱ्यांसह त्यांनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास केला. शहरागणिक काही शब्द निराळे असले, तरी या खुणांना स्वतःचे व्याकरण आहे, असे त्यातून दिसून आले. दिल्लीतील आपल्या आयुष्याची हकीकत त्यांनी २००६ साली ग्रंथरूपाने इंग्रजीत प्रसिद्ध केली.

जन्मतः बधिर असलेल्या मुलाला ही अकरा वर्षांची शिदोरी नसते. भाषा आत्मसात करण्याचा काळ म्हणजे आयुष्याची पहिली काही वर्षे. ती उपचारांच्या शोधात निघून गेली, तर हानी केवळ कानाची राहत नाही, विचाराचीही होते. खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाही, या भीतीने अनेक आईबाप मागे सरतात. श्रवणयंत्र किंवा कानातील रोपण यांच्याशी खुणांचे वैर नाही. दोन्ही एकत्र नांदू शकतात. जेवताना सारे हसतात, मूल कारण विचारते आणि उत्तर मिळते, ‘नंतर सांगते.’ ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण दररोज घडल्यास आपण या घरात पाहुणे आहोत, असे मुलास वाटू लागते.

आता आईबापांना साधनेही उपलब्ध आहेत. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, तो २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला. तथापि कोशाने भाषा येत नाही. त्यासाठी खुणांनी बोलणाऱ्या प्रौढ बधिरांची सोबत लागते.

‘मूकबधिर’ हा जुना शब्दही आता मागे पडत आहे, ते योग्यच होय. कारण बधिराचा कंठ बहुधा निर्दोष असतो. बधिर समाजात प्रत्येकास खुणेचे एक नाव मिळते. हनुवटीवरील व्रण, कुरळे केस, एखादी लकब यांवरून ते पडते, आणि बहुधा दुसरा बधिर मनुष्यच ते देतो. बारशाच्या दिवशी कानात सांगितलेले नाव ज्या मुलास ऐकू आले नाही, त्याला हे नाव पाहता येते.