‘जॉब’ : नोकरी की तुकडाकाम?

मुलगा ‘जॉबला लागला’ म्हटले की घरात मिठाई वाटली जाते. भिवंडी किंवा मालेगावचा यंत्रमागवाला ‘जॉबवर माल चालवतो’ म्हणाला तर ऐकणारा समजतो की सूत व्यापाऱ्याचे, माग आणि मेहनत याची, पदरात फक्त मजुरी. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे, ते आम्ही येथे पाहणार आहोत.

जुना अर्थ यंत्रमागवाल्याचा आहे. सोळाव्या शतकात इंग्रज लोक कामाच्या एका तुकड्याला ‘जॉब’ म्हणू लागले. गोळा किंवा ढेकूळ अशा अर्थाच्या ‘गॉब’वरून तो आला असावा, हा अभ्यासकांचा तर्क. १७५५ च्या आपल्या शब्दकोशात डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी त्याला हलका शब्द ठरविले आणि व्युत्पत्ती सांगता येत नाही असे मोकळेपणाने लिहिले. किरकोळ, अचानक मिळालेले काम हा त्यांनी दिलेला अर्थ. पगारी नोकरी हा अर्थ त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात रुळला. (हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचे नाव इंग्रजीत याच अक्षरांनी लिहितात, पण उच्चार ‘जोब’. दोहोंचा संबंध नाही.)

‘जॉबर’ची तऱ्हा आणखी निराळी. लंडनच्या शेअर बाजारात १९८६ पर्यंत जॉबर हा स्वतःच्या खात्यावर शेअर घेऊन दलालांना विकणारा व्यापारी होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र जॉबर म्हणजे कामगार भरणारा आणि खात्यात त्यांच्यावर देखरेख करणारा मुकादम. त्याची दस्तुरी दिल्याशिवाय अनेकांना काम मिळत नसे.

आमच्या कारागीर बांधवांना यातला जुना अर्थच कामाचा आहे, कारण कायद्यानेही तोच धरला. २०१७ च्या जीएसटी कायद्यात जॉबवर्क म्हणजे दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या मालावर केलेली प्रक्रिया. माल तुमचा नव्हे! कच्चा माल साधारणतः एका वर्षात परत गेला नाही तर तो पाठविला त्याच दिवशी विकला असे धरून मालकावर कर लागतो. मग मालक तगादा लावतो, मजुरी अडवतो. कागद नसेल तर कारागिराच्या हाती काय राहते? म्हणून सूत घेतानाच चलनावर वजन, तारीख, मजुरीचा दर आणि घट किती धरायची हे लिहून घ्यावे. घटीवरून होणारे तंटे आम्ही सर्वांत जास्त पाहतो, आणि चलनावर नेमका तोच रकाना कोरा असतो.