अनंताचे दुखणे

निफाडची जमीन काळी व कसदार. गहू, कांदा आणि द्राक्षे यांसाठी हा तालुका नावाजलेला आहे. अशा ठिकाणी एखादे झाड उपाशी राहील, हे कोणाला खरे तरी वाटेल काय? परंतु आमच्या अंगणातील अनंताची तशी दशा झाली होती; आणि त्याला कारण मीच होतो.

हा अनंत आजीने कोकणातून, राजापूरच्या आपल्या माहेराहून आणला होता. पुढे माहेरचे घर विकले गेले. मागे राहिली ती कुंडीतील एवढीच खूण. एके वर्षी ती कुंडी फुटली. मी मोठ्या उत्साहाने नवी कुंडी आणली, शेतातील काळी माती दाबून भरली आणि झाड तीत लावले. आजीने त्याची निगाही माझ्यावरच सोपवली. मी दोन्ही वेळा विहिरीचे पाणी भरपूर घालू लागलो. खत म्हणून चुलीतील राखही टाकली.

काही महिन्यांतच पाने पिवळी पडू लागली. कळ्या उमलण्यापूर्वीच गळून जाऊ लागल्या. मी घाबरून आणखी पाणी घातले, आणखी राख टाकली. आजी मला एक शब्दही बोलली नाही. ती रोज झाडापाशी घटकाभर उभी राही. तिचे ते मुकेपण माझ्या मनाला फार लागले. अखेर मी शेजारच्या बागाईतदार काकांना बोलावून आणले.

काकांनी प्रथम पाने निरखली. "नीट पाहा, बाळ. जुनी पाने हिरवी आहेत. कोवळी मात्र पिवळी पडली आहेत, आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. याला आम्ही केवडा म्हणतो. झाडाला लोह मिळत नाही. जुन्या पानांतील लोह नव्या पानांकडे सहसा जात नाही. म्हणून उपासमार कोवळ्या पानांत आधी दिसते."

"पण काका, काळ्या मातीत लोह नसते काय?"

"पुष्कळ असते. परंतु येथील मातीत व विहिरीच्या पाण्यात चुनाही असतो. कुंडीच्या काठावरचा हा पांढरा थर त्याचाच. अशा मातीत लोह विरघळत नाही, मग मुळांनी ते शोषावे कसे? राखेने तर त्यात भरच घातली. कोठार भरलेले, पण दाराला कुलूप!"

मग त्यांनी कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढले. मातीला आंबूस वास येत होता. कित्येक मुळे तपकिरी व लिबलिबीत झाली होती. कुंडीच्या तळाचे भोक बुजले होते. काका म्हणाले, "मुळांनाही हवा लागते. चिकण माती भिजून फुगली की हवेला वाट राहत नाही."

"म्हणजे आपली माती वाईटच!" मी म्हणालो.

"छे! ती गव्हाची माऊली आहे. पण अनंत मूळचा चीन-जपानकडचा. चहाप्रमाणे त्यालाही आम्लधर्मी माती मानवते. कोकणातील जांभ्याची तांबडी माती तशीच असते. मावशी, तुमचे झाड माहेरी सुखात होते, ते उगीच नव्हे." आजी बऱ्याच दिवसांनी हसली.

त्याच दिवशी उपचार सुरू झाले. काकांनी कुजलेली मुळे छाटली आणि थोड्या फांद्याही कमी केल्या. कारण उरलेल्या मुळांना तेवढाच भार झेपणार होता. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालून वर तांबडी माती, जाड वाळू आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत यांचे मिश्रण भरले. कुंडी कोवळ्या उन्हात ठेवली. दुपारी मात्र तिच्यावर सावली येई. नवी पालवी फुटल्यावर काकांनी हिराकशीचे सौम्य पाणी आपल्या हाताने पानांवर फवारले. हिराकस हा लोहाचाच क्षार होय. मी पावसाचे पाणी रांजणात साठवून ठेवू लागलो आणि मातीत बोट घालून, वरचा थर सुकला असेल तरच ते घालू लागलो. निफाडची थंडी कडक; पारा कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. म्हणून हिवाळ्यात रात्री कुंडी पडवीत आणून ठेवीत असे.

पिवळी पाने बहुतेक गळून गेली. कित्येक दिवस झाड ओकेबोके दिसे. पुन्हा पाणी ओतावे, असे मला अनेकदा वाटले. पण मी हात आवरला. हळूहळू हिरवीगार पालवी वाढू लागली. पुढल्या वैशाखात एके सकाळी पहिले पांढरेशुभ्र फूल उमलले. आजीने ते देवाला वाहिले नाही. ते तिने माझ्या ओंजळीत ठेवले व म्हणाली, "आज मान तुझा. माझे माहेर तू राखलेस."

माया मी पूर्वीही करीतच होतो. झाडाला काय हवे, हे विचारायला मात्र मी त्या वर्षी शिकलो.

स्वाध्याय

१. अनंताला कोणत्या तीन गोष्टींमुळे अपाय झाला?
२. "कोठार भरलेले, पण दाराला कुलूप" असे काका का म्हणाले?
३. आजीने पहिले फूल लेखकाच्या ओंजळीत का ठेवले असेल?
४. आपल्या घरातील किंवा शाळेतील एका झाडाचे आठ दिवस निरीक्षण करा व पाने, माती आणि पाणी यांविषयी रोज दोन ओळी लिहा.