क्रमांक ०००१ : तीन तरुणांची रेकॉर्ड कंपनी



इतिहासाची साधने शिकवताना आपण ओव्या, पोवाडे ही मौखिक साधने म्हणून सांगतो. पण ती जपतं कोण, हे पुस्तकात येत नाही. त्यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण बघूया.

तिकडे ब्लूग्रास नावाचं संगीत आहे. केंटकी राज्यातल्या बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदावरून ते नाव पडलं. बँजो, मँडोलिन, गिटार, बास आणि फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. ड्रम सहसा नसतोच.

१९७० साली बोस्टनजवळ केन अर्विन, बिल नाउलिन आणि मॅरियन लेटन या तिघांनी राउंडर रेकॉर्ड्स सुरू केली. धंद्याचा अनुभव जवळपास नाहीच. राउंडर म्हणजे उनाड, भटका माणूस; आणि रेकॉर्डही गोलच की! पहिली रेकॉर्ड नॉर्थ कॅरोलायनाचे वयस्कर बँजोवादक जॉर्ज पेग्रम यांची. तिला क्रमांक दिला ०००१. गंमत बघा, सुरुवातीला हातात दोनच रेकॉर्ड, पण जागा ठेवली चार अंकांची! संगीत महोत्सवांना जाऊन ते स्वतः रेकॉर्ड विकायचे.

अशा रेकॉर्ड खपणार किती? कंपनीला मोठा आधार मिळाला तो जॉर्ज थोरोगुड या रॉक गायकाच्या रेकॉर्डचा. पण पसारा वाढला तसे नोकर आले. स्वतःला नफाविरोधी म्हणवणाऱ्या या मंडळींच्या कंपनीत कामगारांनी युनियन काढली, आणि मालकांना ते रुचलं नाही. मला तरी हा भाग झाकून ठेवावासा वाटत नाही. चांगलं काम करणाऱ्यांकडेही पगाराचा प्रश्न येतोच.

१९७५ ची जे. डी. क्रो अँड द न्यू साउथ ही रेकॉर्ड तर रसिक नावाने नाही, क्रमांकानेच ओळखतात : ००४४. २०२४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत तिला घेतलं. राउंडर मात्र २०१० मध्येच कॉनकॉर्ड या मोठ्या कंपनीकडे गेली होती.

वर्गासाठी काम : आपल्या वाडीत, गल्लीत क्रमांक ०००१ कुणाच्या गाण्याला द्याल? परवानगी विचारून मोबाइलवर नोंदवा. वहीत गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि गाणं कुणाकडून शिकलं ते लिहा. आजी लाजली तर घाई करू नका, दुसऱ्या दिवशी परत जा.