गेमच्या फाइलने खातं रिकामं केलं, बँक म्हणते चूक तुमचीच

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलाने एका ग्रुपवरच्या लिंकवरून 'जीटीए फाइव्ह, फक्त 200 एमबी' अशी फाइल माझ्या फोनमध्ये घेतली. गेम चाललाच नाही. काल सकाळी बचत खात्यातून 38,000 रुपये गेल्याचे मेसेज दिसले. ओटीपी आम्ही कुणालाही सांगितलेला नाही. शाखेत म्हणाले, आता काही मिळणार नाही. तक्रार केली तर मुलावरच पायरसीची केस होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दुसऱ्या फोनवरून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तिथे गोठवले गेले, तर परत मिळण्याची आशा असते. बँकेलाही आजच लेखी कळवून पोच घ्या.

शाखेतलं तोंडी उत्तर म्हणजे निर्णय नव्हे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा व्यवहाराची माहिती बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिली, तर ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. तुमचं प्रकरण या दोहोंच्या मधलं आहे. ती फाइल म्हणजे गेमच्या नावाखालचं अनोळखी अ‍ॅप असणार. त्याला परवानग्या दिल्या, हा निष्काळजीपणाच, असं बँक म्हणेल. ओटीपी आम्ही दिला नाही, अ‍ॅपने मेसेज वाचून तो चोरला, हे तुमचं म्हणणं. निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं मी सांगणार नाही, पण हे भांडण सोडू नका. 30 दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

मुलाची काळजी नको. पायरेटेड प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणं कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी खाली गुन्हा आहे खरा. पण वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता 50,000 रुपयांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. इथे तर गेमच नव्हता. जीटीए फाइव्हची अँड्रॉइड आवृत्ती कंपनीने काढलेलीच नाही, आणि संगणकावर तो 70 जीबीहून जास्त जागा घेतो. एवढा गेम 200 एमबीत बसवता येत नाही. तुमचा मुलगा फसवला गेला आहे. म्हणून फाइल कुठून आली ते तक्रारीत सरळ लिहा. ते लपवलंत, तर ओटीपी बाहेर कसा गेला याचं उत्तर तुमच्याकडे उरणार नाही.

फोनमधलं सिम काढा, इंटरनेट बंद करा. ती लिंक, फाइल आणि दिलेल्या परवानग्या यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. पोलिसांना दाखवल्याशिवाय फोन रीसेट करू नका. आणि मुलाला रागावून गप्प बसवू नका. कुठे काय दाबलं हे फक्त त्यालाच माहीत आहे, तक्रार लिहिताना त्याला शेजारी बसवा.